वारा लागतो सोफ्यावर, भोक असतं माळ्यावर: घरातल्या लपलेल्या फटी शोधणं आणि बुजवणं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. अमेरिकेत सेंट्रल जर्सीत (न्यू जर्सीच्या मध्यभागात) १९६८ सालचं दोन मजली कलोनियल पद्धतीचं घर, गॅसचा फर्नेस (घर तापवणारी भट्टी), दोन वर्षांपूर्वी सगळ्या खिडक्या बदलून झाल्या तरी जानेवारीचं बिल होतं तिथंच, गॅरेजच्या वरची मुलाची खोली कायम थंडगार, हॉलमध्ये सोफ्यावर बसलं की सासूबाईंच्या पायाला गार वारा लागतो, आणि आता एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय की अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यावर) अजून एक फूट इन्सुलेशन (उष्णता अडवणारा कापसासारखा थर) मारून घ्या, सगळं नीट होईल. तर मारून घ्यावं का?

आत्ता नको. आधी फटी, मग इन्सुलेशन. क्रम उलटा झाला तर पैसे तर जातातच, वर त्या फटी एक फूट कापसाखाली गाडल्या जातात आणि नंतर त्या शोधायला कुणी जात नाही. मी याच भागात गेली सोळा वर्षं घरांची एनर्जी ऑडिट, म्हणजे उष्णता कुठून वाया जाते याची तपासणी, करतोय, अ‍ॅटिकमध्ये पोटावर सरपटत जाऊन फटी बुजवतोय, आणि आपल्या मराठी मंडळींच्या घरी गेलो की बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळतं की खिडक्यांवर एवढा खर्च केला पण फरक काही जाणवला नाही. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

गावाकडचा तांब्याचा बंब आठवा. मधून नळी, खाली जाळी. खाली निखारे पेटले की नळीतली गरम हवा वर जाते आणि जाळीतून खालची हवा आपोआप आत ओढली जाते. वरचं तोंड झाकलं की खालचं ओढणं थांबतं. थंडीत तुमचं घर अगदी असंच वागतं. आत ७० डिग्री फॅरनहाइट, बाहेर २५, आतली हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या मजल्याच्या सीलिंगमधल्या भोकांतून अ‍ॅटिकमध्ये निसटते. जेवढी वरून गेली तेवढी खालून आत यायलाच लागते, मग ती बेसमेंटच्या कडेनं येते, गॅरेजच्या बाजूनं येते, फायरप्लेसमधून येते. सासूबाईंच्या पायाला लागणारा वारा हा आत येणारा वारा आहे, त्याला ओढणारं भोक दोन मजले वर आहे. सोफ्याजवळची फट तुम्ही बुजवलीत तर तो वारा दुसरीकडून येईल कारण वरचं ओढणं चालूच आहे.

यात अजून एक गोष्ट अशी की हा दाब घरात सगळीकडे सारखा नसतो. अगदी वर आणि अगदी खाली तो सगळ्यात जास्त, आणि मधल्या उंचीला कुठंतरी जवळजवळ शून्य. खिडक्या दोन्ही टोकांपासून लांब, मधल्या पट्ट्यात येतात. त्यामुळे खिडकीची फट डोळ्यांना दिसते, हाताला जाणवते, तरी तिच्यातून जाणारी हवा माळ्यावरच्या न दिसणाऱ्या भोकाच्या मानानं फारच थोडी. नवीन खिडक्यांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही, काच कमी गार पडते, बाहेरचा आवाज कमी येतो, पण हवेचा हिशोब वेगळा आहे.

तो हिशोब एकदा करूनच दाखवतो. दाराखाली पाव इंचाच्या अर्धी, म्हणजे एक अष्टमांश इंच फट आहे आणि दार ३६ इंच रुंद आहे, तर भोक झालं साडेचार चौरस इंच. ही फट सगळ्यांना दिसते, सगळे तिथं पट्टी लावतात. आता विटांची चिमणी घ्या, बाहेरून २४ बाय ३६ इंच. आग लागू नये म्हणून चिमणी आणि लाकूड यात दोन इंच मोकळी जागा ठेवायचा नियम आहे, आणि तुमच्या काळातल्या घरात ती जागा बेसमेंटपासून अ‍ॅटिकपर्यंत सरळ उघडी असण्याची शक्यता खूप. २८ गुणिले ४० म्हणजे ११२०, त्यातून २४ गुणिले ३६ म्हणजे ८६४ वजा, राहिले २५६ चौरस इंच. पावणेदोन चौरस फुटांपेक्षा जास्त! एक लहान खिडकी अख्खा हिवाळा उघडी ठेवल्यासारखं, आणि ती खिडकी दाब सगळ्यात जास्त असतो तिथं. दाराखालच्या छप्पन्न फटी एकत्र केल्या तरी एवढं भरत नाही.

हे ज्ञान तुमच्याच शेजारी जन्माला आलंय, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. ईस्ट विंडसरमधली ट्विन रिव्हर्स ही वसाहत माहीत असेल, आपल्या किती लोकांची घरं आहेत त्या भागात. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या टाउनहाउसमध्ये मोजमापं घेतली. अ‍ॅटिकमधून जाणारी उष्णता पुस्तकी गणितापेक्षा कितीतरी पट जास्त निघाली. इन्सुलेशन तर होतं, मग उष्णता जाते कुठून? शोधल्यावर कळलं की भिंतींच्या आतल्या पोकळ्या, पाइपांच्या आणि चिमण्यांच्या बाजूच्या जागा, इथून गरम हवा इन्सुलेशनला वळसा घालून सरळ वर जातेय. गौतम दत्त हे त्या संशोधकांतले एक. घराच्या दाराला पंखा बसवून गळती मोजायची पद्धत अमेरिकेत रुजवण्यात त्या मंडळींचा मोठा वाटा आहे. आणि एवढं होऊनही आज पन्नास वर्षांनी कॉन्ट्रॅक्टर येऊन पहिलं काय सांगतो तर अजून एक फूट कापूस टाका. हा कापूस म्हणजे फायबरग्लास, काचेच्या तंतूंची, ती हवा अडवत नाही हो, गाळते. गाळणीनं पाणी अडतं का?

आणि ती गाळते हेच शोधायला उपयोगी पडतं. अ‍ॅटिकमध्ये गेलात की गुलाबी किंवा पिवळी फायबरग्लास जिथं जिथं काळपट दिसते तिथं उचलून बघा. लोकांना वाटतं उंदीर झाले किंवा बुरशी आली. बहुतेक वेळा ती नुसती धूळ असते, वर्षानुवर्षं खालची हवा तिथून गाळून गेली त्याची. काळ्या डागाच्या खाली भोक सापडणारच. मी अजूनही उष्णता दाखवणारा कॅमेरा काढायच्या आधी हे डाग शोधतो.

आता घरच्या घरी कसं शोधायचं. थंड दिवस निवडा, वाऱ्याचा असेल तर अजून चांगलं. सगळ्या खिडक्या, बाहेरची दारं घट्ट बंद. फर्नेसचा थर्मोस्टॅट बंद. गॅसचा वॉटर हीटर असेल तर तो पायलटवर (नुसती छोटी ज्योत राहील असा) आणा, ही पायरी विसरायची नाही, कारण पुढे आपण घरातली हवा बाहेर ओढणार आहोत आणि त्या वेळी बर्नर चालू असला तर त्याचा धूर आत येऊ शकतो. फायरप्लेसमध्ये विस्तव असेल तर त्या दिवशी हे करूच नका, राख असेल तर काढून डॅम्पर (चिमणीची आतली झडप) बंद करा. मग बाथरूमचे सगळे एक्झॉस्ट फॅन, बाहेर हवा टाकणारा किचनचा हूड आणि कपड्यांचा ड्रायर, सगळं एकदम चालू करा. घरात थोडा ऋण दाब तयार होतो आणि फटी बोलायला लागतात. देवघरातली उदबत्ती घ्या आणि हळूहळू फिरा, धूर सरळ वर जात असेल तर ठीक, एकदम आडवा पळाला किंवा थरथरला की तिथं फट. पडद्यांपासून सांभाळून. स्विचबोर्डजवळ, बेसबोर्डच्या खालच्या रेषेवर, अ‍ॅटिकच्या झाकणाभोवती, छतातल्या दिव्यांजवळ, किचन सिंकखाली पाइप भिंतीत जातात तिथं, टबच्या मागे, बेसमेंटच्या दाराला. आतल्या भिंतीवरच्या प्लगजवळसुद्धा धरून बघा, लोक फक्त बाहेरच्या भिंती तपासतात, पण मधली भिंत आतून पोकळ असते आणि तिचं वरचं टोक अ‍ॅटिकमध्ये उघडं असतं, त्यामुळे घराच्या अगदी मधोमध असलेल्या प्लगमधून गार वारा येतो तेव्हा समजायचं की ते वरचं टोक बुजवलेलं नाही. सापडलं तिथं निळ्या पेंटर टेपचा तुकडा चिकटवत जा. पंधरावीस मिनिटं पुरे, मग पंखे बंद, आणि वॉटर हीटर परत होता तसा करा.

ही झाली घरगुती पद्धत. खरं मोजमाप हवं तर ब्लोअर डोअर. बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडाचा पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलनं कमी करतात, साधारण ताशी २० मैलांचा वारा चारी बाजूंनी एकदम आपटावा तसं. तेवढा दाब टिकवायला पंख्याला मिनिटाला किती घनफूट हवा फेकावी लागली तो आकडा म्हणजे तुमच्या सगळ्या फटींची बेरीज. समजा घर २००० चौरस फूट, उंची आठ फूट, म्हणजे १६,००० घनफूट. पंख्यानं ३२०० घनफूट दाखवले तर तासाला १,९२,००० घनफूट, म्हणजे त्या दाबाला तासात बारा वेळा घरातली अख्खी हवा बदलली. अमेरिकेच्या २०१२ च्या ऊर्जा कोडनं (बांधकामाच्या नियमावलीनं) आपल्यासारख्या थंड भागातल्या नवीन घरांना हा आकडा तीनच्या आत ठेवायला सांगितलं, आणि अगदी कमी ऊर्जेत चालणारी घरं बांधणारे पॅसिव्ह हाउसवाले तर ०.६ मागतात. जुन्या घराला तीन गाठायची गरज नाही, त्याच्या मागे लागू नका. बारावरून सातवर आलं तरी घर वेगळं वाटतं, आणि ते कमी करायचे पाच बहुतेक करून अ‍ॅटिक आणि बेसमेंटमध्येच मिळतात.

पंखा चालू असताना इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं बघितलं तर गार हवेच्या वाटा भिंतीवर जिभेसारख्या पसरलेल्या दिसतात. पण आत आणि बाहेर निदान अठराएक डिग्री फॅरनहाइटचा फरक हवा, नाहीतर काही कळत नाही. कुणी मे महिन्यात कॅमेरा घेऊन आला आणि रंगीत फोटो दाखवून घाबरवायला लागला तर सही करू नका.

अ‍ॅटिकमध्ये चढायच्या आधी तीन गोष्टी. एक, खाली सोनेरी-करड्या चकचकीत खड्यांसारखं इन्सुलेशन दिसलं तर त्याला हातही लावू नका, ते व्हर्मिक्युलाइट असतं. अमेरिकेतलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतून यायचं, ती खाण १९९० मध्ये बंद झाली, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. त्याचं काम परवानाधारक माणसाचं. दोन, चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून गेलेली जुनी वायर दिसली तर आधी इलेक्ट्रिशियन, तिच्यावर इन्सुलेशन पसरायचं नसतं. १९६८ च्या घरात असायची शक्यता फार कमी पण बघून घ्या. तीन, पाय फक्त लाकडी जॉइस्टवर (आडव्या तुळयांवर), मधल्या ड्रायवॉलवर (जिप्समच्या पातळ पाट्यांवर) पाय पडला की सरळ खालच्या बेडरूममध्ये. चांगला मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे, हेडलाइट. छपराला आतून खिळ्यांची टोकं असतात म्हणून डोक्यावर जाड टोपी.

मग मोठ्या भोकांपासून सुरुवात. लहान फटी आधी बुजवायचा मोह होतो कारण फोमचा (फवारला की फुगून घट्ट होतो त्याचा) डबा हातात असतो आणि सोप्या असतात. मोठं आधी. चिमणीभोवतीची जागा सांगितलीच, तिथं फोम अजिबात चालत नाही, साधा फोम जळतो. पत्र्याच्या, गॅल्व्हनाइज्ड शीटच्या पट्ट्या कापायच्या, लाकडाला खिळ्यांनी मारायच्या आणि चिमणीला जिथं टेकतात तिथं जास्त तापमानाचा, आगीसाठी बनवलेला सीलंट लावायचा. फर्नेसची पत्र्याची फ्लू पाइप (धूर बाहेर नेणारी) असेल तर तिच्यावर किती जागा सोडायची ते छापलेलं असतं, पत्रा त्याच हिशोबानं. आणि नंतर वर इन्सुलेशन टाकताना ते चिमणीला टेकू नये म्हणून पत्र्याचंच कडं उभं करायचं.

दुसरं मोठं भोक म्हणजे प्लंबिंगचा कोनाडा, बाथरूमचा जाड पाइप छपराबाहेर जातो तिथं भिंतीत केवढीतरी पोकळी सोडलेली असते. तिसरं किचनच्या किंवा बाथरूमच्या वरचं खोटं सीलिंग. त्या काळात कपाटांच्या वरची जागा ड्रायवॉलनं खोक्यासारखी बंद करायचे, खालून छान दिसतं पण वरून त्या खोक्याला झाकणच नसतं, अ‍ॅटिकची गार हवा थेट तुमच्या मसाल्यांच्या डब्यांमागे येऊन बसते. दोन मजली घरात हे वरच्या बाथरूममध्ये शोधायचं. दोन्हींवर फोम बोर्ड किंवा ड्रायवॉलचा तुकडा कापून बसवायचा आणि कडेनं फोम मारायचा. कुणी तिथं फायबरग्लासचा बोळा कोंबून ठेवला असेल तर तो बोळा काळा झालेला सापडेल, वर लिहिलं त्याच कारणानं.

त्यानंतर भिंतींच्या वरच्या पट्ट्या. इन्सुलेशन बाजूला सारलं की आतल्या प्रत्येक भिंतीचं डोकं दिसतं, लाकूड आणि ड्रायवॉल यात बारीक रेघ. एक रेघ किरकोळ, पण सगळ्या घराच्या भिंती मोजल्या तर शेकडो फूट होते. तिथं फोमची बारीक धार, आणि वायरी गेलेल्या प्रत्येक भोकात एक ठिपका. हे काम कंटाळवाणं आहे, कॉन्ट्रॅक्टर हेच सोडून देतात, म्हणून कामाच्या वेळी इन्सुलेशन बाजूला सारून काढलेले फोटो मागा.

छतात बसवलेले डबा-दिवे असतील तर जुन्या डब्यांना भोकंच भोकं असतात. ज्या डब्यावर इन्सुलेशन टेकलं तरी चालेल असं लिहिलेलं नाही त्याला तीन इंच लांब ठेवायला लागतं नाहीतर तापून आग लागू शकते. जमलं तर ते दिवे काढून गॅस्केटवाले सपाट एलईडी बसवा, नाहीतर वरून त्यासाठीच बनवलेली आगरोधक झाकणं मिळतात ती. बाथरूमच्या फॅनचा डबा ड्रायवॉलला मिळतो तिथं सीलंट, आणि त्याची नळी खरंच छपराबाहेर जातेय ना ते बघा, मला कित्येकदा ती अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलेली सापडली आहे आणि छपराच्या प्लायवूडवर बुरशी. शेवटी अ‍ॅटिकचं झाकण. नुसतं प्लायवूडचं पान टेकवलेलं असेल तर वर दोन-तीन थर फोम बोर्ड चिकटवा, कडेला वेदरस्ट्रिप, आणि ते खाली घट्ट ओढून धरणाऱ्या दोन कड्या. ओढायची शिडी असेल तर तिच्यावर बसणारं इन्सुलेटेड खोकं.

एक जागा मात्र बुजवायची नाही. छपराच्या कडेला खालून हवा आत यायला जाळ्या असतात, त्या अ‍ॅटिक कोरडा ठेवतात. तिथं गार वारा येणारच, तो यायलाच हवा. तसंच बाहेरून विटांच्या भिंतीत तळाशी आणि खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी निथळायला ठेवलेली बारीक भोकं, ती कॉकनं भरली तर पाणी आत साठतं.

आता मुलाची खोली, त्यावर जरा थांबतो कारण थंडीत झोपणारं पोर आहे. गॅरेजवरच्या खोलीत सगळे खिडकीला दोष देतात. होतं असं की गॅरेजच्या सीलिंगमधले जॉइस्ट पुढे घराच्या दोन मजल्यांमधल्या पोकळीत तसेच सरळ गेलेले असतात, मधे अडसर नाही. गॅरेजची थंड हवा ड्रायवॉलच्या फटींतून त्या पोकळीत शिरते आणि मुलाच्या जमिनीखालून थेट तुमच्या हॉलच्या सीलिंगवर पसरते. खोलीच्या जमिनीखाली फायबरग्लास असतं, पण ते खाली लोंबलेलं, वरच्या प्लायवूडला न टेकलेलं, मधून वारा वाहतोय. नुसतं गरम हवेचं अजून एक तोंड त्या खोलीत काढून हे सुटत नाही, लोकांनी करून बघितलंय.

इलाज असा, गॅरेजचं सीलिंग घराच्या भिंतीच्या रेषेवर लांब पट्टीसारखं कापायचं, प्रत्येक दोन जॉइस्टच्या मधे जाड फोम बोर्डाचा किंवा प्लायवूडचा ठोकळा बसवून कडेनं फोम मारायचा, म्हणजे गॅरेज आणि घर वेगळं झालं. मग सगळी पोकळी सेल्युलोज (कागदाच्या चुऱ्याचं इन्सुलेशन) दाबून भरून घ्यायची. परत लावताना पाच अष्टमांश इंचाचं आगरोधक टाइप एक्स ड्रायवॉलच, राहत्या खोलीखालच्या गॅरेजला कोड तेच मागतो, आणि सांधे नीट भरून. याचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जिथून थंड हवा येते तिथूनच गाडीचा धूर, पेट्रोलचा वास आणि कार्बन मोनॉक्साइड पोराच्या खोलीत येतो. सकाळी गाडी गरम करायला गॅरेजमध्ये चालू ठेवायची सवय असेल तर आजपासून बंद करा, शटर उघडं ठेवूनसुद्धा नाही.

बेसमेंटचं काम सोपं. काँक्रीटच्या भिंतीवर लाकूड टेकतं ती कडा, घराच्या चारी बाजूंनी. प्रत्येक जॉइस्टच्या मधल्या चौकटीत मापाचा फोम बोर्ड कापायचा, चारी बाजूंना अर्धा इंच लहान, आणि ती अर्ध्या इंचाची फट फोमनं भरायची. शनिवार-रविवारी दोघांनी बसून होण्यासारखं आहे. बोर्ड उघडा ठेवायची परवानगी त्यावर छापलेली बघून घ्या किंवा गावच्या बिल्डिंग इन्स्पेक्टरला विचारा. डब्यातला फोम फवारताना निघणारा वायू पेट घेतो, तेव्हा जवळचा पायलट बंद. आणि तो हातावर वाळला तर साबणानं निघत नाही, हातमोजे घाला.

फर्नेसचे पत्र्याचे डक्ट (गरम हवा नेणाऱ्या नळ्या) दिसतातच आहेत तर त्यांच्या सांध्यांना मॅस्टिक लावून टाका, ब्रशनं दाट लापशीसारखं. कापडी डक्ट टेप मात्र नको, १९९८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या लोकांनी वेगवेगळे टेप आणि सीलंट डक्टवर तापवून तपासले तेव्हा डक्टचं नाव घेऊन विकला जाणारा तोच टेप सुटून आला होता.

आता ज्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो ते. घर घट्ट केलं की आत जळणाऱ्या वस्तूंना हवा कमी पडू शकते. तुमचा गॅस वॉटर हीटर साध्या चिमणीत धूर सोडणारा असेल, म्हणजे वर छत्रीसारखा पत्रा आणि त्याखाली उघडी जागा, तर घरातले फॅन त्याचा धूर उलटा आत ओढू शकतात. काही वर्षांपूर्वी आपल्याच एका कुटुंबाकडे अ‍ॅटिक बुजवून झाल्यावर मी शेवटची तपासणी करत होतो, ड्रायर आणि दोन्ही फॅन लावले, किचनचा नवा ताकदवान हूड लावला, आणि वॉटर हीटरच्या छत्रीखाली आरसा धरला तर त्यावर वाफ धरली. पाच मिनिटं थांबलो, तरी धूर वर जाईना. घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. तिथल्या तिथे हीटर बंद केला आणि प्लंबरला बोलावून बाहेरून हवा घेणारा, बंद चेंबरचा हीटर बसेपर्यंत त्यांना गरम पाण्याशिवाय काढायला लागलं, पण ती तपासणी केली नसती तर काय झालं असतं याचा विचार आजही मनात येतो. तेव्हा जो कुणी तुमच्या घराच्या फटी बुजवेल त्याला आधीच विचारा, काम झाल्यावर कम्बशन सेफ्टी टेस्ट, म्हणजे धूर नीट बाहेर जातो का याची तपासणी, करणार का. नाही म्हणाला तर दुसरा बघा. आणि प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांबाहेर, कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, त्यांची तारीख तपासून.

हूडचा विषय आपल्याकडे जास्तच येतो. फोडणीचा धूर, तळणाचा वास, कुकरच्या शिट्ट्या, आपल्या किचनमधून वाफ आणि तेल खूप निघतं, आणि ते बाहेर गेलंच पाहिजे, परत तोंडावर हवा फेकणारा हूड काही कामाचा नाही. पण मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त ओढणारा हूड घेतला तर तेवढी हवा आत यायची सोय करावी असं कोड सांगतं, आणि ते बरोबर आहे. खिडकी बोटभर उघडून स्वयंपाक करणं ही आपल्या आयांची सवय उत्तम होती.

सासूबाई म्हणतील, आणि बहुतेक घरी कुणीतरी म्हणतंच, की एवढं घर बंद केलं तर गुदमरायला होईल, हवा खेळती पाहिजे. त्यांचं म्हणणं खरं आहे. फरक इतकाच की आत्ता जी हवा खेळतेय ती गॅरेजमधून, बेसमेंटच्या ओलीतून आणि भिंतीतल्या धुळीतून खेळतेय, आणि वारा पडला की तीही नाही. त्यापेक्षा माहीत असलेल्या वाटेनं, हवी तेवढी. सध्याच्या अमेरिकन मानकाप्रमाणे क्षेत्रफळाचे शंभराला तीन आणि बेडरूमच्या संख्येत एक मिळवून प्रत्येकी साडेसात, म्हणजे २००० फुटांच्या तीन बेडरूमच्या घराला ६० अधिक ३० असे मिनिटाला ९० घनफूट. जुन्या घरात काही हवा तरी फटींतून येतेच, तेव्हा शांत चालणारा एक चांगला बाथरूम फॅन कमी वेगावर सतत चालू ठेवला तरी बरंच भागतं, पुढे पैसे असतील तर उष्णता परत मिळवणारा व्हेंटिलेटर. सकाळी काचांवर आतून पाणी जमायला लागलं तर समजा हवा कमी पडतेय. आणि न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू येतो, काम झाल्यावर महिन्याभरात बेसमेंटमध्ये रेडॉनची चाचणी करा, लिटरमागे चार पिकोक्युरी (किरणोत्साराचं माप) किंवा त्याहून जास्त आलं तर त्याची पाइप आणि फॅन लावून घ्यायची.

तर तुमचा क्रम असा ठेवा. आधी ब्लोअर डोअर लावून आकडा काढून घ्या, काही शे डॉलरचं काम आहे, तुमच्या गॅस किंवा वीज कंपनीच्या योजनेत ते स्वस्तातही होऊ शकतं, फोन करून विचारा. मग अ‍ॅटिकच्या फटी, मग बेसमेंटची कडा, मग गॅरेजचं सीलिंग, मग परत ब्लोअर डोअर आणि कम्बशनची तपासणी, आणि सगळ्यात शेवटी त्या कॉन्ट्रॅक्टरचं इन्सुलेशन. ते हवंच आहे, १९६८ ची चार-पाच इंची गादी पुरेशी नाही. फक्त त्याला करारात लिहायला लावा, फटी कुठं कुठं बुजवणार, आधीचा आकडा किती आणि नंतरचा किती. जो आकडा लिहायला तयार होतो त्याला काम द्या.

आणि सासूबाईंचा सोफा. फायरप्लेस त्याच खोलीत आहे ना? आज संध्याकाळीच डॅम्परची पट्टी बंद आहे का बघा, बंद असली तरी लोखंड वाकलेलं असतं, वर हात नेला की गार हवेची धार कळेल. फायरप्लेस वापरत नसाल तर चिमणीत फुगवून बसवायचा फुगा मिळतो, तो बसवा आणि त्याची लाल दोरी खाली दिसेल अशी सोडा, म्हणजे पुढे कुणी न बघता विस्तव पेटवणार नाही. अ‍ॅटिकचं काम व्हायला महिना लागेल, तोवर त्यांना एवढं तरी लगेच मिळेल. झाल्यावर उदबत्ती घेऊन परत एकदा फिरा आणि निळे टेप किती उरले ते इथं नक्की लिहा.